पुतळ्याची उंची आणि पुतळ्याची जागा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संसदेच्या आवारातील पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. शिल्पकार बी. व्ही. वाघ यांच्या या शिल्पात डाव्या हाती संविधान आहे व उजवा हात पुढे उंचावलेला आहे. हीच मुद्रा पुढे खेडोपाडी पोहोचली. सिमेंटचे, निळ्या कोटाचे, कधी प्रमाण बिघडलेले हे पुतळे पाहून कलासमीक्षक नाक मुरडतात. प्रमाणाविषयीचे त्यांचे आक्षेप पुष्कळदा खरेही असतात. परंतु सार्वजनिक शिल्पाची समीक्षा त्याच्या जागेपासून सुरू व्हावयास हवी, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याने भर रस्त्यालगत उभी केलेली प्रतिमा त्या रस्त्यावरचा हक्क सांगत असते. २०२४ मध्ये संसदेतील तो मूळ पुतळा आवारातच अन्यत्र हलविण्यात आला, तेव्हा वाद झाला तो जागेवरूनच; शिल्पात तर काहीच बदलले नव्हते.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले व बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसविले गेले. तेथे उंचावलेला हात नाही, भव्यतेचा हव्यास नाही. गुरू आणि शिष्य एकाच चौकात आहेत, आणि तेवढ्याने त्या चौकाला एक वैचारिक ओळख लाभली.

याउलट आज पुतळे फुटांत मोजले जातात. हैदराबाद येथे १४ एप्रिल २०२३ रोजी १२५ फुटांचा, तर विजयवाडा येथे १९ जानेवारी २०२४ रोजी ८१ फुटांच्या चौथऱ्यावर १२५ फुटांचा पुतळा शासनाने उभा केला. त्यांचा अभिमान आम्हांसही वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. तथापि पायथ्याशी उभ्या असलेल्या उपासिकेला त्या मूर्तीचा चेहरा कितपत दिसतो? राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत देणाऱ्या पुरुषाची ही प्रतिमा आहे, याचे भान शिल्पकाराने ठेवावयास नको काय?

वस्तीतल्या लहान पुतळ्याचे मोल मात्र वस्तीने रक्ताने चुकविले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जणांचे प्राण गेले. तामिळनाडूत तर अनेक पुतळे रक्षणाच्या नावाखाली लोखंडी जाळीत कोंडलेले आहेत. मुक्तिदात्याची प्रतिमा पिंजऱ्यात ठेवावी लागते, यात दोष शिल्पाचा नसून भोवतालच्या समाजाचा आहे.

या संदर्भात सांचीचे स्मरण होते. तेथील प्राचीन शिल्पपटांत तथागत मानवी रूपात नाहीत. बोधिवृक्ष, पदचिन्हे, रिकामे आसन यांतून ते सूचित होतात. नावे आहेत ती दात्यांची. भिक्खुणी, उपासक, उपासिका अशा शेकडोंची. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांची नोंद आहे. वर्गणीतून उभा राहिलेला वस्तीतला पुतळा आमच्या मते याच परंपरेचा वारस होय. त्याच्या चौथऱ्यावरील संगमरवरी पाटीवर मात्र बहुधा उद्घाटक पुढाऱ्याचेच नाव ठळक असते (आणि निवडणुकीनंतर तो तिकडे फिरकतही नाही). नवा चौथरा बांधणाऱ्या समित्यांनी त्या पाटीवर रुपया-दोन रुपये देणाऱ्या मायमाऊलींची नावे कोरून घ्यावीत, आणि भोवती चार माणसांना बसून वाचता येईल एवढी मोकळी जागा राखावी.