पाय वाचला, पण श्रेय कोणाचे?

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ साली मधुमेहींच्या पायांसाठी खास विभाग सुरू झाला. डॉ. मायकेल एडमंड्स व सहकाऱ्यांचा १९८६ सालचा शोधनिबंध त्याच्या पहिल्या तीन वर्षांची हकीकत सांगतो. घोट्याच्या वर पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया तेथे जवळजवळ निम्म्यावर आल्या.

त्यामागची कल्पना पटण्याजोगी आहे. मधुमेहात पायाची संवेदना गेली की चावणारा जोडा कळत नाही. रक्तपुरवठा घटला की जखम भरत नाही. रक्तातील साखर वाढलेली असली की जंतूंचे फावते. यांवरचे उपचार वेगवेगळ्या विभागांत असले, तर रुग्ण फेऱ्या मारत राहतो आणि तोवर जखम चिघळते. येथे मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, पादचिकित्सक, परिचारिका आणि जोडे करणारा कारागीर एकत्र आले.

मात्र एक उणीव खटकते. तुलना आहे ती ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची. त्याच काळातला, अशी सेवा न मिळालेला गट नाही. मग श्रेय एकत्र येण्याला, नव्या जोड्यांना, की रुग्ण लवकर येऊ लागण्याला? निबंधावरून हे ठरत नाही. पुढे इतर देशांतूनही असेच निष्कर्ष आले. पण तेही बहुतेक याच पद्धतीचे.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारा : पाय पणाला लागलेला असताना, केवळ तुलनेसाठी काहींची सेवा रोखावी का? माझ्या मते रोखू नये. असे विभाग टप्प्याटप्प्याने सुरू करावेत आणि जेथे ते अजून पोचलेले नाहीत, तेथील नोंदीही तितक्याच काटेकोरपणे ठेवाव्यात. तुलना आपोआप हाती येईल.