वाचणाऱ्याचा जमाखर्च

सतीश काळसेकर यांचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले. पहिल्यांदा धर्मग्रामातील आमच्या खोलीत, एकट्याने, दार लावून. दुसऱ्यांदा बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून, मोठ्याने. पुस्तक तेच होते, पण पहिल्या वाचनानंतरचे आमचे मत दुसऱ्या वाचनात टिकले नाही. ते का टिकले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

काळसेकर मूळचे मालवण तालुक्यातील काळसे गावचे. जन्म १९४३ सालचा. त्यांनी बँकेत नोकरी केली आणि कविता लिहिल्या. साठनंतरच्या काळात मुंबईत लघुनियतकालिकांची जी चळवळ उभी राहिली तिच्यात ते पहिल्यापासून होते. 'इंद्रियोपनिषद', 'साक्षात' आणि 'विलंबित' हे त्यांचे कवितासंग्रह. पुढे लोकवाङ्मय गृहाच्या 'आपले वाङ्मय वृत्त' या मासिकात त्यांनी वाचनाविषयी जे सदर लिहिले, त्याचेच हे पुस्तक झाले. ते २०१० साली निघाले आणि साहित्य अकादमीचा २०१३ चा पुरस्कार त्यास मिळाला. जुलै २०२१ मध्ये काळसेकर निवर्तले. त्यांची विचारसरणी डावी, आमचा पेशा धर्मगुरूचा. समोरासमोर बसलो असतो तर पुष्कळ गोष्टींवर आमचे जमले नसते. पुस्तकांवर मात्र जमले असते, एवढी खात्री त्यांचे लिखाण वाचताना वाटते.

मराठीत ग्रंथांविषयी लिहिणारे यापूर्वीही झाले. गोविंद तळवलकरांचे 'वाचता वाचता' अनेकांच्या संग्रही असेल. तळवलकर आपल्याला हात धरून ग्रंथाच्या आत नेतात आणि त्याचे सार समजावून सांगतात. आपण विद्यार्थी होतो, ते गुरुजन असतात. काळसेकरांची रीत निराळी. ते आपल्याला ग्रंथात नेण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या दिवसात नेतात. पुस्तक हाती कसे आले, ते कोणी सुचविले, कोणत्या दुकानात भेटले, एका पुस्तकाने दुसऱ्याची वाट कशी दाखविली, याच्या या नोंदी आहेत. वाचन ही त्यांच्या दृष्टीने विद्वत्तेची बाब नाही. ती चहासारखी, चालण्यासारखी रोजची बाब आहे. भाषाही तशीच आहे. कवीने लिहिलेले गद्य असूनही त्यात कवीचा डौल नाही, आणि ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

पहिल्या वाचनात आम्ही या पुस्तकावर इतके लुब्ध झालो याचे खरे कारण साधे आहे. आमच्याच सवयी आम्हांस तेथे प्रतिष्ठित झालेल्या दिसल्या. नवे पुस्तक हाती आले की आम्ही प्रथम मजकूर वाचीत नाही. मुद्रक कोण, आवृत्ती कितवी, किंमत काय, हे पान आधी पाहतो. बाइंडिंग उघडताना जो बारीक आवाज होतो तो ऐकतो. खूण म्हणून एस.टी.चे तिकीट घालतो, आणि दहा वर्षांनी तेच तिकीट सापडले की तो प्रवास आठवतो. दुपारच्या भोजनानंतर पाऊण तास, रात्रीच्या प्रार्थनेनंतर डोळे मिटेपर्यंत, ही आमची ठरलेली वेळ. गुरुविद्यालयात असताना वाचन म्हणजे कर्तव्य होते. तत्त्वज्ञान वाचायचे ते परीक्षेसाठी, धर्मशास्त्र वाचायचे ते दीक्षेसाठी. उशीखाली ठेवलेली कादंबरी हा लहानसा अपराध होता. त्या अपराधाला एक अकादमी-पुरस्कारप्राप्त वकील मिळाला, या आनंदात आम्ही पुस्तक मिटले. एखाद्या पुस्तकाने आपलीच पाठ थोपटली की आपण त्याला थोर म्हणतो. समीक्षेत ही चूक फार होते. ती आमच्याकडूनही झाली.

त्यानंतर पावसाळ्यात आम्हांस रोहिणखेड येथे चार-पाच दिवस राहण्याचा योग आला. मोताळा तालुक्यातील हे घाटाखालचे गाव. जुन्या ग्रंथांत या गावाचे नाव येते ते लढायांमुळे. १४३७ साली खानदेशच्या नासिरखानाचा बहमनी सरदाराने येथे पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकालही याच गावाजवळ लागला. सोळाव्या शतकातील एक जुनी मशीद अद्याप गावात आहे. ज्या गावाविषयी गॅझेटियरात वाचले त्याच गावच्या ओसरीवर बसून तीच माहिती पुन्हा वाचणे, हाही वाचणाऱ्याचा एक खास आनंद असतो. पानावर घोडदळ धावते आणि समोरच्या रस्त्यावरून कपाशीच्या खताची पोती घेतलेला ट्रॅक्टर जातो.

आमचे यजमान निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, त्यांच्या पत्नीला बाई. आम्हीही तसेच म्हणतो. गुरुजींकडे पुस्तकांचे कपाट नाही. भिंतीत एक फळी आहे आणि तिच्यावर मोजून बहात्तर पुस्तके. प्रत्येकाला गेल्या सालच्या कॅलेंडरच्या कागदाचे वेष्टन, त्यामुळे काही पुस्तकांच्या पाठीवर एकादश्या आणि चतुर्थ्या दिसतात. आपल्या जिल्ह्याच्या लेखकांचा त्यांना अभिमान. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'खूणगाठी' आणि अमडापूरचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही दोन्ही पुस्तके फळीच्या मधोमध उभी. पहिल्यास १९८६ चा आणि दुसऱ्यास २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. आम्हांला तीनदा सांगितले.

पूर्वी ते पुस्तक नेणाऱ्याचे नाव वहीत लिहीत. आता लिहीत नाहीत. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाले, "फादर, पुस्तक गेलं त गेलं. वाचणारा सापडला ना!"

हे वाक्य ऐकून आम्ही गप्प झालो, कारण आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वीच्या एका धर्मग्रामात दहावीतला एक मुलगा आमच्याकडून एक प्रवासवर्णन घेऊन गेला होता. पुस्तक परत आले ते पानांवर हळदीचे डाग घेऊन. आम्ही त्याला रागावलो. रागावलो म्हणण्यापेक्षा पुस्तक कसे हाताळावे यावर छोटेसे प्रवचनच दिले. तो ऐकून गेला आणि पुन्हा कधी पुस्तक मागावयास आला नाही. पुस्तक अजून आमच्याकडे आहे. हळदीचे डागही आहेत. स्वयंपाक चालू असताना, चुलीजवळ बसून कोणीतरी ते पुस्तक वाचले होते, हे त्या डागांतून आम्हांला दिसावयास हवे होते.

असो. संध्याकाळी वीज गेली की गुरुजी ओसरीवर कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाचतात, आणि बाई जवळच धान्य निवडीत ऐकतात. बाईंना वाचता उत्तम येते. गुरुजींचा उच्चार चुकला तर त्या मान वर न करता दुरुस्त करतात. "ऐकलं म्हणजे दोन कामं होतात," असे त्यांचे म्हणणे. 'बारोमास' त्यांनी अशीच पुरी ऐकली. त्या घरात दोन रात्री वाचनाचे काम आमच्याकडे आले आणि आम्ही मोठ्या हौसेने 'वाचणाऱ्याची रोजनिशी' काढले. गुरुजी रंगून गेले. मध्येच एखाद्या पुस्तकाचे नाव आले की थांबवीत, वहीत टिपून घेत. बाई शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या रात्री आम्ही एक प्रकरण संपविले तेव्हा त्यांनी सुपातले खडे बाजूला काढीत विचारले, "फादर, हे एवढं वाचत बसत तवा घरातलं कोण पाहत होतं?"

गुरुजी हसले. आम्हीही हसलो. पण झोपताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला.

हा प्रश्न काळसेकरांच्या घरावरचा आरोप नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे; त्यांच्या घरचे आम्हांस काय ठाऊक! प्रश्न वाङ्मयप्रकाराचा आहे. रोजनिशी म्हटले की दिवस आला, आणि दिवस म्हटला की घर आले. मराठीत ग्रंथप्रेमावर जे लिहिले गेले ते बहुतेक पुरुषांनी, आणि त्यांतला वाचणारा बहुधा दुकानात, रस्त्यावर, प्रवासात, मित्रांच्या बैठकीत असतो. त्याच्या वाचनाला लागणारी शांतता कोणी पुरविली याची नोंद होत नाही. आम्ही स्वतःकडे पाहिले. दुपारच्या आमच्या पाऊण तासात भांडी कोण घासते? रात्री आम्ही वाचीत असताना दुसऱ्या दिवसाचे तांदूळ कोण निवडते? धर्मगुरूच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला अक्षरओळख आहे की नाही, हेही आम्ही कित्येक वर्षे विचारले नव्हते. जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे तर जमेची बाजू आमच्या नावावर आणि खर्चाची दुसऱ्याच्या नावावर, असा हा हिशेब चालला होता.

घरातल्या वाचणाऱ्या बाईची रोजनिशी आमच्या पाहण्यात नाही. पण तिची चाहूल एका पुस्तकात आहे, आणि ते आपणा ख्रिस्ती वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई लग्नानंतर घरीच अक्षरे शिकली. आणि १९१९ साली रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' तिनेच पुरे केले. 'स्मृतिचित्रे' वाचताना पुस्तके, पाहुणे, मुले आणि रिकामे डबे एकाच खोलीत असतात. तेथे वाचन संसारातून सवड काढून येत नाही, संसाराच्या धक्क्याबुक्क्यांतूनच येते. काळसेकरांच्या पुस्तकाशेजारी हे पुस्तक ठेवून पाहिले की पहिल्यात काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही उमगते.

आणखी एक-दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. सदरातून झालेल्या पुस्तकाच्या मर्यादा या पुस्तकालाही आहेत. विषय रंगात आला की मासिकाचे पान संपते. लेखकांची, प्रकाशकांची, नियतकालिकांची नावे इतकी येतात की त्या जगाशी परिचय नसलेला वाचक गर्दीत हरवल्यासारखा होतो. मुंबईच्या फोर्टातले पदपथ आणि तेथली पुस्तकांची दुकाने ज्याने पाहिली नाहीत, त्याला अशा लेखनातली काही गोडी उसनी घ्यावी लागेल. त्या दुकानांपैकी 'स्ट्रँड'सारखे नामांकित दुकान २०१८ साली बंदही झाले. म्हणून हे पुस्तक सलग वाचू नये. एका बैठकीस एक प्रकरण, आणि मध्ये एक दिवस जाऊ द्यावा.

पण त्या नावांच्या गर्दीचा एक उपयोग रोहिणखेडला दिसला. गुरुजींच्या वहीत दोन रात्रींत एकोणीस पुस्तकांची नावे जमली. जवळपास पुस्तकांचे दुकान नाही. मोठ्या गावी कोणी निघाले की त्याच्या हाती ते चिठ्ठी देतात. दहांतली दोन पुस्तके मिळतात, आणि त्या दोन पुस्तकांचा आनंद ते महिनाभर पुरवून पुरवून घेतात. राज्यात १९६७ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले आहेत. बहात्तर पुस्तकांच्या आणि नाव न लिहिण्याच्या या ग्रंथालयाला कोणता वर्ग द्यावा, हे आम्हांस ठरविता आले नाही.

घरात कोणती पुस्तके आहेत यावर किती अवलंबून असते! १५२१ साली पायाला तोफगोळा लागून लोयोलाच्या वाड्यात पडून असलेल्या इग्नेशियसने करमणुकीसाठी शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. तीच त्याने वाचली, आणि पुढचे आपण जाणतो. आमच्या धर्मग्रामांत हल्ली नवी घरे उठत आहेत, दिवाणखान्यात काचेचे शोकेस असते, त्यात कपबश्या आणि करंडक असतात. एखाद्या पोराचा पाय मोडून तो सहा आठवडे घरात पडला, तर त्याच्या हाताशी काय येईल, असा प्रश्न घराला आशीर्वाद देताना आमच्या मनात येतो. तो आम्ही मोठ्याने विचारीत नाही. प्रसंग चहाचा असतो.

तर आमचे आजचे मत असे. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे मराठीतील वाचनाविषयीच्या उत्तम पुस्तकांपैकी एक आहे. वाचणाऱ्याच्या लहान सुखांना त्याने लाजेतून सोडविले आणि साध्या भाषेत सांगितले, हे त्याचे मोठे काम. ते अपुरे आहे ते दोषामुळे नव्हे. ती एका माणसाची रोजनिशी आहे आणि दुसऱ्या माणसांनी आपापली लिहावयाची राहिली आहे, म्हणून ती अपुरी. धर्मग्रामाच्या वाचनालयासाठी ते जरूर घ्यावे, आणि 'स्मृतिचित्रे' नसेल तर दोन्ही बरोबरच घ्यावीत.

आमची प्रत आता आमच्याकडे नाही. निघताना बाईंनी ती मागितली. आम्ही दिली, पण खरे सांगावयाचे तर समासातल्या आमच्या पेन्सिलीच्या खुणांकडे एकदा पाहून मग दिली. परवा गुरुजींशी फोनवर बोलणे झाले. पुस्तक कुठवर आले असे विचारले तेव्हा ते थोडे रुसलेले वाटले. दुपारी दोन ते तीन बाई ते स्वतः वाचतात, त्या वेळात चहा मिळत नाही, आणि पुढचे काय ते विचारले तर "तुमचा नंबर आल्यावर वाचा" म्हणतात.