खोगीरभरती

कादंबऱ्यांवर, नाटकांवर, गवयांच्या बैठकींवर मराठीत ढिगांनी टीका झाली. पण माणूस ज्या बैठकीवर प्रत्यक्ष बसतो, त्या सायकलच्या सीटवर कोणा टीकाकाराने चार ओळी खर्चल्याचं ऐकिवात नाही. हा कृतघ्नपणा झाला. 'खोगीरभरती' हा त्यांचा लाडका शब्द अखेर खोगिरातूनच आलेला आहे! शिवाय फसलेल्या कादंबरीत जे भरलेलं असतं आणि महागड्या सीटमध्ये जे भरलेलं असतं, ते द्रव्य एकाच जातीचं. दोन्ही सुरुवातीला मऊ लागतात आणि मध्यावर आल्यावर त्रास देतात.

कोल्हापूरला 'बैठक' शब्द समजावून सांगायला नको. तालमीत बैठका मारणारं आणि देवल क्लबात बैठका ऐकणारं हे गाव. त्यात आता तिसऱ्या बैठकीची भर पडली आहे. भल्या पहाटे, वाकड्या हँडलच्या सायकली घेऊन मंडळी पन्हाळ्याला निघतात. वीसएक किलोमीटरचा रस्ता आणि वाघबीळपासून पुढे चढ. परत आल्यावर मिसळीच्या टेबलाशी जो तो आपला दम, आपल्या मांड्या, आपले गुडघे यांविषयी भरभरून बोलतो. मुख्य दुखणं कुठलं, हे मात्र कोणी बोलत नाही. फक्त बाकावर टेकताना सगळ्यांचे चेहरे सारखे होतात.

मग एके दिवशी गुपचूप सीट बदलायला दुकान गाठलं जातं.

"ही बघा साहेब, जेलची हाय. बोट दाबून बघा. लोणी हाय लोणी!"

साहेब अंगठा दाबतात. खड्डा पडतो, हळूहळू भरून येतो. अंगठ्याला ब्रह्मानंद होतो. अडचण एवढीच, की पन्हाळ्याला अंगठा बसून जायचा नसतो.

आपण बसतो ती दोन हाडांवर. कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी पाळण्याच्या चापांसारखी ही दोन हाडं असतात आणि वजन पेलणं हे त्यांचं जन्मजात काम. सीट फार मऊ असली की ती रुततात आणि दोहोंच्या मधला भराव उसळून वर येतो. मधल्या जागेत नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. त्या बिचाऱ्यांना वजन पेलायची सवय नाही. त्या दबल्या की मुंग्या येतात, मग जागा बधिर होते. जास्त भरलं की मजकूर दाबला जातो, हा सिद्धान्त साहित्यात जितका खरा तितकाच इथेही.

"पण आमच्या आजोबांची सीट रुंद होती, स्प्रिंगांची होती, ते कुठे कुरकुरले?" असा एक आक्षेप येतो. आजोबा ताठ बसत. सगळा भार खाली, म्हणून खाली ऐसपैस पाट हवा. वाकड्या हँडलवर माणूस पुढे झुकतो, थोडा भार हातांवर जातो, कंबर पुढे कलते. तिथे रुंद पाट मांड्यांना घासत राहतो. आजोबांची सीट वाईट नव्हती; ती दुसऱ्या नाटकाची होती.

माप घेणं मात्र सोपं. पन्हाळीचा पुठ्ठा पायरीवर ठेवायचा, गुडघे वर येतील असं त्यावर बसायचं, जरा पुढे झुकायचं आणि उठायचं. दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर बहुधा १०० ते १५० मिलिमीटरांत असतं. सीट त्याहून दोनतीन सेंटिमीटर रुंद हवी. वजनाचा इथे फारसा संबंध नाही. खासबागेतला पैलवान आणि त्याचा काटकुळा चुलता यांचं माप एकच निघू शकतं. सीट बसवताना पाणसळ लावून सपाट बसवावी. नाक वर राहिलं की काय होतं, ते छापण्यासारखं नाही.

भरावच नको म्हणणारा एक पंथही आहे. जॉन बोल्टबी ब्रूक्स या इंग्रजाने १८८२ साली सायकलच्या सीटचं पेटंट मागितलं. त्याच्या नावाची सीट म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं जाड चामडं, बस्स. आधी ती दगडासारखी लागते. काही शे किलोमीटरांनी मालकाच्या हाडांचा आकार घेते. साहेबाला याचं फार कौतुक. आपल्याला काय नवल? २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल यापेक्षा वेगळं काय करते? आधी चावते, तेल पिते, मग पायाची होते. फरक इतकाच, की चप्पल चावली तर माणूस चारचौघांत लंगडतो आणि कुठे चावली ते दाखवतो.

खरी गोम इथे आहे. पाय दुखला तर सांगता येतं, पाठ दुखली तर मिरवता येतं. हे दुखणं मात्र लाजेच्या फडक्यात बांधून ठेवायचं. बायकांची तर दुहेरी पंचाईत. त्यांच्या हाडांमधलं अंतर सर्वसाधारणपणे जास्त, दुकानातली सायकल बहुतेकदा पुरुषी मापाची सीट घेऊन आलेली, आणि गल्ल्यामागे बसलेला असतो तो काका! त्याला काय सांगणार? "रंग आवडला नाही" म्हणायचं आणि निघायचं. मग चार महिन्यांनी सायकल गॅलरीत जाते, तिच्यावर टॉवेल वाळतात आणि घरचे म्हणतात, "हौस फिटली." हौस फिटलेली नसते. सीट बसलेली नसते.

तेव्हा टीकाकार म्हणून माझा निकाल असा: उत्तम सीट तीच, जिची आठवण पन्हाळा येईपर्यंत होत नाही. ती अंगठ्याने निवडू नये, किमतीने तर नाहीच. पुठ्ठ्यावर बसावं, माप घ्यावं आणि दुकानात जाऊन खणखणीत आवाजात सांगावं की दुखतंय, आणि नेमकं इथे दुखतंय. काका ऐकून घेतो. त्यालाही रोज सायकलवरूनच घरी जायचं असतं.