टूथपेस्ट कोण लावायचं?

मेसन करी यांचं ‘डेली रिच्युअल्स’ (२०१३) तुम्हीही पहाटे पाचला उठायच्या उत्साहात वाचलं असेल. १६१ लेखक, चित्रकार, शास्त्रज्ञांचे दिनक्रम. प्रकरणं छोटी, वाचायला मजा येते.

पण वाचताना एक प्रश्न विचारत राहा: घरातली कामं कोण करतंय? कांटला पाचला उठवायला नोकर होता. फ्रॉइडचे कपडे बायको, मार्था, काढून ठेवायची. ब्रशवर टूथपेस्टसुद्धा तीच लावायची. करी हे सांगतात, पण तिथे थांबत नाहीत. आपण जिला शिस्त म्हणतो, तिच्यात बरीचशी दुसऱ्याची मेहनत असते.

१६१ जणांत बायका फक्त २७. ही उणीव कबूल करून करी यांनी २०१९मध्ये १४३ स्त्रियांवर दुसरं पुस्तक लिहिलं. खरं तर तेच आधी वाचा. त्यात मुलं, घरकाम, पैशांची ओढाताण मध्येमध्ये येते आणि काम त्यातूनच वाट काढतं.

इथे परदेशात डबा, धुणं, भांडी सगळं तुमच्याच गळ्यात. लॅबमधून आठला येऊन कुकर लावला आणि लिहायचं राहिलं, तर तो आळस नव्हे. दिनक्रम आखताना कुकरचाही वेळ धरा.