मैफल की भजन? सामूहिक चित्रसंध्येची चिकित्सा



आजचा विषय वरवर लहान वाटेल. पाहुणा चित्रकार बोलवायचा, संध्याकाळी माणसं जमवायची आणि चित्र काढायचं. मुंबई-पुण्यात असे कार्यक्रम आता नेहमीचे झाले आहेत. आपल्या वडवणीतही ते व्हावेत असं आम्हाला वाटतं, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा आधी केली पाहिजे. उद्या आपण भरवणार ती संध्याकाळ नेमकी कशाची आणि कुणाची, हे ठरवायला हवं.

महाराष्ट्रात याचं रुळलेलं रूप म्हणजे प्रात्यक्षिक. समोर मॉडेल बसलेलं, चित्रकार ईझलपाशी उभा आणि पुढे खुर्च्यांच्या रांगा. वासुदेव कामतांचं व्यक्तिचित्र किंवा मिलिंद मुळीकांचं जलरंग प्रात्यक्षिक ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना त्यातली गंमत सांगायला नको. कोऱ्या कागदातून तास-दोन तासांत माणूस उभा राहतो. आम्ही याला कमी लेखत नाही. जिथे जवळपास कलादालन नाही, तिथे रंग ओला असताना चित्र पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. हात कुठे वेगाने गेला, कुठे थबकला, काय पुसलं, हे छापील चित्रात कधी दिसत नाही.

पण मग अडचण काय? शेवटी टाळ्या वाजतात, ही अडचण. टाळी वाजवणारा माणूस मनात काय म्हणतो? ‘वा! आपल्याला बुवा हे जन्मात जमणार नाही.’ म्हणजे ज्या कार्यक्रमाने माणसाला चित्राजवळ आणायचं, तोच त्याला अदबीने चार हात लांब बसवतो.

इथे ॲरिस्टॉटलचा एक भेद कामाला येतो. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सहाव्या भागात तो घडवणं आणि करणं या दोन गोष्टी वेगळ्या काढतो. घडवण्याचं साध्य त्या कृतीच्या बाहेर असतं. घर बांधून झालं की बांधणं संपतं, उरतं ते घर. करण्याचं साध्य मात्र करण्यातच असतं. चांगलं वागणं हे वागण्याबाहेरच्या कुठल्या वस्तूसाठी नसतं. आता प्रश्न असा, की दहा-वीस माणसं एकत्र बसून चित्र काढतात ते घडवणं आहे की करणं?

ॲरिस्टॉटल लांबचा वाटत असेल तर आपलाच दाखला घ्या. मैफलीत एक गातो, बाकीचे ऐकतात. तिथे ते योग्यच आहे. पण देवळातल्या भजनात बुवा पुढे असले तरी टाळ सगळ्यांच्या हातात असतात. तुमचा आवाज कसा आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. तरी तिथे शिस्त आहे बरं का. ताल चुकला की शेजारचा लगेच वळून बघतो. प्रात्यक्षिक ही चित्राची मैफल झाली. चित्राचं भजन आपण अजून नीट उभं केलेलं नाही, असं आमचं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, शहरात झालंय की! पेयपान करत रंगवायच्या संध्याकाळी निघाल्या आहेत. तिथे सगळ्यांच्या हातात ब्रश असतो हे खरं. पण पाहुणा सांगतो, ‘आता निळा लावा, आता झाड काढा’, आणि शेवटी प्रत्येक जण तेच चित्र घेऊन घरी जातो. हात हलले, डोळे कुठे उघडले? भजनाला ताल असतो तसा चित्राचा ताल म्हणजे पाहणं. तो सोडला तर उरते ती करमणूक. करमणुकीला आमची हरकत नाही, तिला कलाशिक्षण म्हणायला आहे.

पॅरिसमध्ये 1904 साली निघालेल्या ‘ग्राँद शोमिएर’ या संस्थेत दुसरी वाट दिसते. तिथे मॉडेल समोर बसे, येणारा आपापलं झटपट रेखाटन करी, चूक दाखवायला कुणी नसलं तरी चाले. अमृता शेर-गिल पॅरिसला गेल्यावर प्रथम तिथेच शिकल्या. ही मोकळीक मोलाची आहे. मात्र नवख्या माणसाला नुसती मोकळीक पुरत नाही. कुठे पाहायचं हे सांगणारा कुणी तरी लागतो. पाहुण्याचं खरं काम ते.

जॉन रस्किनने ते ओळखलं होतं. 1854 साली लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज निघालं. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी तिथे येत आणि रस्किन त्यांना चित्रकला शिकवी. रोझेटीसारखा नामवंत चित्रकारही तिथे शिकवायला जाई. 1857 साली, म्हणजे आपलं जे. जे. स्कूल सुरू झालं त्याच वर्षी, रस्किनचं चित्रकलेच्या मूलतत्त्वांवरचं पुस्तक आलं. त्याचा आग्रह असा, की चित्र काढायचं ते नीट पाहता यावं म्हणून. दगड पाहा, फांदी पाहा. सुताराला चित्रकार करायचं नाही, सुतार म्हणून त्याला अधिक आनंदी करायचं, अशी त्याची भूमिका होती.

हे ऐकायला गोड आहे, पण आपल्या समाजात हे वाक्य जपून वापरावं लागतं. सुताराने सुतारच राहावं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्याच हेतूने सांगितलं गेलं आहे. म्हणून रस्किनशेजारी आम्ही के. एच. आरा यांना बसवतो. आरांचा जन्म 1914 साली बोलारमचा, म्हणजे आपल्या बीडसारखाच निजामाच्या राज्यातला. लहानपणीच ते मुंबईला पळून गेले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. रुडी फॉन लायडन आणि वॉल्टर लँगहॅमर यांनी त्यांच्या चित्रांकडे गांभीर्याने पाहिलं. लँगहॅमरच्या घरी तरुण चित्रकार जमत, चित्रं पाहत, त्यांवर बोलत. पुढे 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत आरा होते. त्यांना नुसतं ‘आनंदी घरगडी’ करून कुणी थांबलं असतं तर? चांगल्या चित्रसंध्येला दोन्ही दारं हवीत. ज्याला फक्त पाहायला शिकायचंय त्यानेही यावं आणि ज्याला पुढे जायचंय त्यालाही वाट मिळावी.

आता वडवणीकडे येऊ. आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं केलं. दहावीला वाढीव गुण मिळाले आणि पेन्सिल खाली ठेवली ती कायमची. दुसरीकडे, दारात ठिपके मोजून बिनचूक रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा, ‘चित्र येतं का?’ ती म्हणेल, ‘छे! आपल्याला कुठलं येतंय!’ एकाला परीक्षेने सोडवलं, दुसरीला कुणी कधी मोजलंच नाही. टाळ्यांची संध्याकाळ या दोघांनाही पुन्हा प्रेक्षकच करील.

आणि संध्याकाळ तरी कुणाची? दिवेलागणीला बाई चुलीपाशी असते. दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातली किती तरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कार्यक्रम थंडीत संध्याकाळी सहाला ठेवला, की ‘सर्वांना खुला’ असं फलकावर लिहूनही निम्मं गाव बाहेरच राहतं. तेव्हा आषाढ-श्रावणात, जेवणं उरकल्यावर का बसू नये? हरिपाठाला माणसं जमतातच ना?

अजून एक. समोर मॉडेल म्हणून कष्टकरी माणूस बसवायची आपल्याला फार हौस. सुरकुत्या छान येतात म्हणे! बसवा, पण त्याला मेहनताना द्या, काढलेली चित्रं दाखवा आणि पुढच्या खेपेला पेन्सिल त्याच्या हातात देऊन गुरुजींना समोर बसवा. पाहणारे कायम तेच आणि पाहिले जाणारे कायम तेच असले, तर त्याला सामूहिक कसं म्हणावं?

म्हणून येणाऱ्या पाहुण्याला आमची विनंती एवढीच: आपलं चित्र पूर्ण करू नका. दहा मिनिटं काढा, काय पाहिलंत ते सांगा, मग उठून आमच्यामध्ये फिरा. तुमचं अर्धं राहिलेलं चित्र आम्हाला चालेल. आमचे कागद कोरे राहिलेले चालणार नाहीत.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न जरूर विचारा.