शिवरामपंतांची वक्रोक्ती व त्यांची कादंबरी

शिवराम महादेव परांजपे यांचे नाव निघाले की ‘वक्रोक्ती’ हा शब्द पाठोपाठ येतोच. पाठ्यपुस्तकांनी ही जोडी इतकी पक्की केली आहे की, तिच्यापलीकडे पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आमच्या मते या सोयीस्कर बिरुदाने शिवरामपंतांवर अन्यायच झाला आहे. त्यांची शैली हा त्यांच्या विचारांचा अलंकार मानला गेला. वस्तुतः ती त्या विचारांची ढाल होती.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. १८९८ च्या आरंभी राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात ‘काळ’ साप्ताहिक निघाले. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून ‘काळ’ची भाषा उमगावयाची नाही. सरळ लिहिल्यास जे तुरुंगाची वाट दाखवील, ते स्तुतीच्या वेषात लिहावयाचे. राज्यकर्त्यांच्या उपकारांची यादी अशी वाचावयाची की, प्रत्येक उपकाराखालचा अपकार वाचकाने आपला आपणच ओळखावा. अर्धे वाक्य लेखकाने लिहावे व उरलेले वाचकाने मनात पुरे करावे, असा हा मूक करार होता. सरकारलाही तो कळला. १९०८ साली शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. १९१० मध्ये जामीन मागितला गेल्यामुळे ‘काळ’ बंद पडला. निवडक निबंधांवर आलेली बंदी १९३७ साली उठली. नुसत्या शब्दशोभेवर कोणतेही सरकार इतकी वर्षे पहारा ठेवीत नाही.

मग याच लेखणीतून उतरलेल्या ‘गोविंदाची गोष्ट’ व ‘विंध्याचल’ या कादंबऱ्या मागे का पडाव्यात? शिवरामपंतांचा व हरिभाऊ आपट्यांचा जन्म एकाच वर्षीचा, १८६४ सालचा. कर्मभूमी एकच, पुणे. दोघेही साप्ताहिकाचे संपादक. परंतु ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिताना हरिभाऊ स्वतः मागे सरले आणि यमूला बोलू दिले. शिवरामपंतांना असे मागे सरणे साधले नाही. त्यांच्या कादंबरीत पात्र तोंड उघडते, पण कानी येतो तो निबंधकाराचाच स्वर. वाक्यांचे वैभव तेच, कल्पनेची झेपही तीच. नसतो तो समोरचा प्रतिपक्षी. वक्रोक्तीला ज्याच्या डोळ्यांत धूळ फेकावयाची असा तिसरा कोणी लागतो. कादंबरीत लेखक व वाचक यांच्यामध्ये असा पहारेकरी उभा नसतो. तेथे माणसे समजून घ्यावयाची असतात, आणि त्या कामी ही तलवार निरुपयोगी ठरते.

म्हणून या कादंबऱ्या अभ्यासू नयेत, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. उलट, निबंधांचे बळ कशात होते हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काहीही सांगत नाही. ज्या गुणांना आपण शैली म्हणतो ते सर्व गुण तेथे हजर आहेत. प्रसंग तेवढा नाही. अनुकरण करणाऱ्यांची फसगतही येथेच झाली. लांब पल्ल्याची वाक्ये व प्रश्नांची सरबत्ती त्यांनी उचलली, पण त्यामागची जोखीम कोणी पत्करली नाही. जोखमीवाचून वक्रोक्ती हा नुसता टोमणा उरतो.

१९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद शिवरामपंतांनी भूषविले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते निवर्तले. सीमाभागातील मराठी शिक्षकाला त्यांचा वारसा सांगताना ही आठवण अभिमानाची वाटणे साहजिक आहे. परंतु खरा वारसा वर्गात जपावयाचा आहे. ‘काळ’मधील उतारा शिकविताना त्यातील अलंकार ओळखण्यास सांगण्यापूर्वी, हे त्या वर्षी उघडपणे का लिहिता येत नव्हते, एवढा एकच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्याचे उत्तर सापडले की अलंकार आपोआप उलगडतील. ते न सापडल्यास शिवरामपंत केवळ परीक्षेपुरते उरतील.