ठाण्याचा इतिहास व लॅटिन कोश

ठाण्याच्या मध्ययुगीन इतिहासाचीं जीं साधनें लॅटिन भाषेंत आहेत, त्यांत ओदोरिक या फ्रान्सिस्कन भिक्षूचें प्रवासवर्णन प्रमुख होय. इ. स. १३२१ मध्यें ठाण्यास चार फ्रान्सिस्कनांचा वध झाला. त्यानंतर लवकरच ओदोरिक येथें आला व त्यांच्या अस्थि घेऊन चीनकडे गेला. सर हेन्री यूल यांनीं १८६६ सालीं हें वर्णन इंग्रजी भाषांतर व लॅटिन मूळ यांसह छापिलें. मूळ स्वतः वाचूं इच्छिणारास पहिली अडचण कोशाची पडते.

सामान्यतः लुईस व शॉर्ट यांचा १८७९ सालचा कोश सुचविण्यांत येतो. तो चांगलाच आहे. अर्थांचा क्रम, आधारवाक्यें, स्वरांचें ऱ्हस्वदीर्घत्व हें सर्व त्यांत असल्यामुळें मोनियर विल्यम्स हाताळलेल्यास तो परका वाटत नाहीं. १९६८ ते १९८२ या काळांत भागशः निघालेला ऑक्सफर्डचा कोश सिसरोच्या अभ्यासकास अधिक उपयुक्त. परंतु तो इ. स. २०० च्या सुमारास थांबतो. त्यावर विसंबून ओदोरिक वाचणें म्हणजे आपट्यांच्या संस्कृत कोशावर लीळाचरित्र वाचावयास बसणें होय.

आमचाच प्रमाद सांगतों. येथील प्राणी सांगतांना ओदोरिक पारव्याएवढ्या 'नॉक्तुआ'चा उल्लेख करतो. कोशांत अर्थ घुबड; आम्हींही टिपणांत घुबडच लिहिलें, व तें वर्षभर तसेंच राहिलें. पण पारव्याएवढ्या घुबडाचें इटालियन मनुष्यास नवल कां वाटावें? यूल यांनीं वटवाघूळ असा अर्थ घेतला आहे व तोच युक्त. यापासूनच निघालेला इटालियन 'नॉत्तोला' हा शब्द वटवाघुळास लावतात. मानपाड्यास तिन्हीसांजेस येऊरच्या डोंगराकडे ज्यानें पाहिलें असेल, त्यास संशय राहूं नये. पुढें उंदरांपुढें हतबल झालेला 'मुरेलेगुस' येतो, तो मध्ययुगीन लॅटिनमधला बोका. अमरकोशांतील आखुभुक् याचा सख्खा भाऊच!

प्राण्यांची चूक एक वेळ खपेल. अधिकाऱ्याची खपणार नाहीं. ठाण्याच्या मलिकास ओदोरिक 'पोतेस्तास' म्हणतो. प्राचीन लॅटिनमध्यें याचा मुख्य अर्थ सत्ता. त्याच्या काळच्या इटालियन शहरांत मात्र तें मुख्य नगराधिकाऱ्याचें नांव होतें, आणि तो बहुधा परगांवाहून ठराविक मुदतीपुरता आणलेला असे. 'सत्ता' असें भाषांतर केल्यास ठाण्याचा एक अधिकारीच नाहींसा होतो.

सबब मध्ययुगीन कोश जवळ हवाच. द्यु कांज याचा कोश १६७८ सालचा. त्याची वाढविलेली दहा खंडांची आवृत्ति १८८३ ते १८८७ मध्यें निघाली. ती या विषयांतील गंगोत्री खरी, परंतु विवरणही लॅटिनमध्येंच, त्यामुळें नवशिका बुडतो. निअरमेयर याचा १९७६ साली पूर्ण झालेला कोश अर्थ फ्रेंच व इंग्रजींत देतो. आमच्या मतें प्रथम लुईस व शॉर्ट, सोबत निअरमेयर, व वाद पडल्यास द्यु कांज. पहिला व शेवटचा आतां संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. तेव्हां पैसे खर्चावयाचे तर ते निअरमेयरवर खर्चावे.

ओदोरिकच्या काळ्या सिंहांचा उलगडा मात्र तिघांकडूनही होत नाहीं. 'लेओ' म्हणजे सिंह, येथेंच कोश थांबतो. तो काळा बिबट्या असावा असा आमचा तर्क आहे.